डोळे मिटले की अंधारच दिसतो

ताई,
मी मूळची रत्नागिरीची. लग्न होऊन ग्वाल्हेरला आले, त्याला हा तिसरा हिवाळा. लष्कर भागात एका जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर राहतो. मी पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करते. नवरा सकाळी आठला जातो, तो रात्री येतो. इथला उन्हाळाही मी सोसते, पण पौष लागला की मला काहीतरी होतं. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. नऊ-दहा तास झोपूनही उठवत नाही, सारखं गोड खावंसं वाटतं, कुणाशी बोलावंसं वाटत नाही. सासूबाई मात्र पहाटे पाचला उठून, आंघोळ करून देवापुढे बसतात. चेहऱ्यावर अशी शांतता की मला माझीच लाज वाटते. मीही करून पाहिलं. मोबाइलवर ध्यानाचं अ‍ॅप घेतलं, पाचचा गजर लावला. त्यातली बाई सांगते, ‘आतला प्रकाश पाहा.’ मी डोळे मिटले की मला अंधारच दिसतो आणि दहाव्या मिनिटाला झोप लागते. माझ्यातच काही कमी आहे का? जिवाचं बरंवाईट करावं असं काही मनात येत नाही, काळजी करू नका. फक्त आतून विझल्यासारखं वाटतं.
ता. क. पत्ता कळवलात तर इथली तीळ-गुळाची गजक पाठवीन.
– कोकणातून आलेली एक

वयाने तू माझ्या भाचीएवढी असशील, म्हणून ‘तू’ म्हणते. राग मानू नकोस.

तुझं पत्र वाचताना मी आधी हसले आणि मग गप्प झाले. हसले त्या अ‍ॅपमधल्या बाईला. पौषातल्या पहाटे पाचला, ग्वाल्हेरात, रजाईतून बाहेर काढून कुणी मला ‘आतला प्रकाश पाहा’ म्हणालं असतं, तर मी तिला म्हटलं असतं, आधी जाऊन गिझर लाव. गप्प झाले ते ‘विझल्यासारखं’ या शब्दापाशी. तो शब्द मला ओळखीचा आहे. मी जन्माने ग्वाल्हेरचीच, फालका बाजारातली, आणि इतके हिवाळे काढूनही एखाद्या वर्षी तो शब्द माझ्याही दाराशी येऊन बसतो.

तुझ्यात काही कमी आहे का, याचं उत्तर आधी देऊन टाकते: उजेड कमी आहे. खराखुरा, बाहेरचा, डोळ्यांत शिरणारा उजेड. आतल्या उजेडाचं नंतर पाहू.

तुला वाटत असेल की इथे दिवसच फार लहान असतो. तसा तो काही फार लहान नसतो. 21-22 डिसेंबरला, म्हणजे वर्षातल्या सर्वांत छोट्या दिवशी, रत्नागिरीत सूर्य साधारण 11 तास वर असतो आणि ग्वाल्हेरात साधारण साडेदहा. तुझ्या माहेरच्या आणि सासरच्या दिवसांत फरक काय तो अर्ध्या-पाऊण तासाचा. तेवढ्याने कुणी विझत नाही. उजेड पळवतो तो कोहरा. (आम्ही इथली मराठी माणसं धुकं म्हणत नाही. धुकं महाबळेश्वरला असतं, फोटो काढण्यापुरतं. आमचा तो कोहराच.) मावठा पडून गेला की जमीन ओली राहते. मग एखादी रात्र निरभ्र असते, वारा पडलेला असतो, जमिनीतली ऊब भराभर वर निघून जाते आणि तिच्या अंगाला लागून असलेल्या गार हवेत बाष्पाचे थेंब होतात. सकाळचं ऊन लागलं की कोहरा फाटायला हवा. पण थर जाड असला तर तोच ऊन अडवतो, जमीन तापत नाही, आणि जमीन तापत नाही म्हणून थर फाटत नाही. हे एकदा जमलं की दुपारी तीनलाही दिवेलागण झाल्यासारखं वाटतं. वेधशाळेत अशा दिवसाला ‘शीत दिवस’ म्हणतात: किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली, आणि दुपारचं कमाल नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी. म्हणजे तुला जे होतं त्यातला अर्धा भाग तर सरकारी नोंदीतच असतो.

उरलेला अर्धा भाग शरीरातला. डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम मेंदूला वेळ कळवणं हे असतं. सकाळचा भरपूर उजेड त्यांच्यावर पडला की मेंदू समजतो, रात्र सरली, आणि झोपेचा निरोप घेऊन येणारं मेलाटोनिन आवरतं घेतो. आता तुझी खोली डोळ्यांसमोर आणते. जुना वाडा, जाड भिंती, लहान खिडकी, थंडी येऊ नये म्हणून पडदा ओढलेला, वर ट्यूबलाइट आणि पुढे लॅपटॉप. चुकत असेन तर सांग. ट्यूबलाइटच्या खोलीत उजेड असतो दोन-तीनशे लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप). बाहेर आभाळ भरलेलं असलं तरी उघड्यावर तो हजाराच्या पुढे जातो. तुला खोलीत लख्ख वाटतं, पण त्या पेशींना वाटतं अजून पहाटच आहे. दिवसभर पहाट!

नॉर्मन रोझेन्थल नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने सहकाऱ्यांबरोबर 1984 मध्ये अमेरिकेतल्या अशा माणसांचं वर्णन लिहिलं. हिवाळा आला की यांची झोप वाढते, गोड आणि पिठूळ खाण्याची ओढ लागते, माणसं नकोशी होतात, आणि वसंतात सगळं आपोआप सुटतं. तुझं पत्र वाचताना मला तोच मजकूर आठवला. गंमत अशी की रोझेन्थल स्वतः दक्षिण आफ्रिकेतले. उन्हाच्या देशातून न्यूयॉर्कला आले आणि तिथल्या हिवाळ्यात आपणच मलूल होतो हे आधी त्यांच्या ध्यानात आलं. म्हणजे तेही एका अर्थी तुझ्यासारखेच, कोकणातून ग्वाल्हेरला आलेले. तुला तेच दुखणं आहे असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण देवापुढे बसून लाज वाटून घेण्यासारखं यात काही नाही, एवढं नक्की.

आता पाचच्या गजराबद्दल. बंद कर. आजच. कॅलेंडरात सूर्योदय बघ. ग्वाल्हेरात सर्वांत उशिराचा सूर्योदय डिसेंबरात नसतो, तो जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात असतो, सात वाजून गेल्यावर. तू गजर लावलास तो वर्षातल्या सर्वांत हट्टी सकाळी, उगवतीच्या दोन तास आधी, मिट्ट काळोखात, गार फरशीवर. तिथे कुणालाही झोपच लागेल. सासूबाईंनी चाळीस वर्षांत अंगात मुरवलेली सवय तू अ‍ॅपच्या जोरावर आठवड्यात उचलायला गेलीस. सुनेने सासूच्या वेळेला उठलंच पाहिजे हा जुना नियम तुझ्या सासूबाईंनी घातलेला दिसत नाही. तो तूच स्वतःला घातलास.

त्याऐवजी हे कर. नवरा आठला गेला की चहाचा कप घेऊन गच्चीवर जा. मोबाइल खाली ठेव. अर्धा तास. कोहरा असला तरी, किंबहुना कोहरा असला तर नक्कीच. स्वेटर, शाल, कानटोपी, मोजे, काय लागेल ते घाल, पण तोंड आभाळाकडे असू दे. पहिले दोन दिवस तुला काही दिसणार नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळेल की हा पांढरेपणा एकसारखा नसतो. पूर्वेकडे तो दुधात केशराची एखादी काडी पडावी तसा किंचित पिवळा असतो. शेजारच्या गच्चीवरचं वाळत घातलेलं धोतर आधी नुसतं हलतं आणि मग दिसतं. किल्ला तर नसतोच जागेवर. कधी दहाला, कधी अकराला डोंगराची कड आधी येते, मग तटबंदी आणि मग, दिसायच्या जागी उभी असलीस तर, तेली मंदिराचा उंच माथा. मी लहानपणी समजत असे की किल्ला रोज रात्री कुणीतरी पुसून टाकतं. काम करायचं टेबलही खिडकीला लाव आणि पडदा बाजूला कर. थंडी वाजली तर पायाशी गरम पाण्याची पिशवी घे. दिव्यासमोर बसायचे उपचारही असतात, 10,000 लक्सचा दिवा अर्धा तास समोर ठेवून. तो घ्यायचा तर डॉक्टरांना विचारून घे. माझ्या मते आधी गच्ची. ती फुकट आहे.

शेगडीबद्दल इथेच सांगते, कारण गच्चीवरून खाली आलं की सगळे तिच्याकडेच धावतात. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी कोळशाची शेगडी खोलीत घेतली आणि वारा येतो म्हणून दार लोटलं. निखारे लाल झालेले, धूर अजिबात नाही, म्हणून मी निर्धास्त. थोड्या वेळाने डोकं जड झालं. मला वाटलं झोप येतेय. सासूबाई पाणी प्यायला उठल्या म्हणून दार उघडलं गेलं, नाहीतर हे सदर दुसरं कुणीतरी लिहीत असतं. तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, रंग नसतो. बंद खोलीत अंगीठी, शेगडी कधीही नाही, अगदी विझत आलेलीसुद्धा नाही.

आता सासूबाईंकडे येते. त्यांच्या चेहऱ्यावरची शांतता तू पाहिलीस. त्यांचे हात पाहिलेस का? सध्या धुंधुरमास चालू आहे, सूर्य धनु राशीत असतो तो महिना, साधारण 16 डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत. जुन्या घरांत या महिन्यात उजाडायच्या आत देवाला नैवेद्य दाखवतात: मुगाच्या डाळीची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचं भरीत, गूळ. रात्र मोठी, पोट रिकामं, आणि हेमंतात भूक तशीही खणखणीत लागते, म्हणून हे पहाटेचं जेवण. म्हणजे बघ, वर्षातल्या सर्वांत काळ्या पहाटे आपल्या लोकांनी काय केलं? चूल पेटवली. डोळे मिटून अंधारात बसा असं सांगितलं नाही. आधी विस्तव, मग गरम घास, मग चार माणसं, आणि तेवढ्यात उजाडतंच. आमच्या फालक्यातल्या घरी भाकरी थापायच्या आवाजाने मला जाग यायची. तो आवाज ऐकून मी पुन्हा झोपायचे आणि खिचडीच्या वासाने उठायचे. तीच माझी ब्राह्ममुहूर्ताची साधना.

महिना संपायला थोडे दिवस आहेत. एक रविवार धर. नवऱ्यालाही उठव. सासूबाईंना सांग, आई, उद्या मीही बसते तुमच्याबरोबर, पण मला काम द्या. बहुतेक त्या वाती वळायला देतील. आणि मला विचारशील तर हिवाळ्यात मन थांबवायची यापेक्षा बरी युक्ती मी पाहिलेली नाही. सरकी काढलेला कापूस विंचरून घ्यायचा, त्यातून नखाएवढा पुंजका तोडायचा, तळव्यावर पसरून त्याची पातळ चकती करायची. मधोमध चिमटीत धरून उचलली की खाली पाकळ्या राहतात. मग बोट दुधात बुडवून वरचं टोक पिळायचं. इथेच खरी गोम आहे. फार घट्ट पिळलं तर तूप वर चढत नाही आणि फुलवात पेटून लगेच मान टाकते. सैल ठेवलं तर ती भडकते आणि काजळी धरते. किती पिळायचं हे कुणी सांगू शकत नाही, बोटांनाच कळतं, आणि ते कळायला पन्नासेक वाती वाया घालवाव्या लागतात. माझ्या आईच्या वाती सगळ्या एका उंचीच्या असत, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या. माझ्या अजूनही वाकड्या होतात.

वीस-पंचवीस वाती होईपर्यंत तुझ्या लक्षात येईल की मघापासून आपण काहीच विचार केला नाही, फक्त बोटांकडे पाहत होतो. अ‍ॅपमधली बाई याच्यासाठीच धडपडत होती बिचारी, पण तिने तुझ्या हातात काही दिलं नाही. आणि वाती वळताना सासूबाईंना विचार, लग्नानंतरचा तुमचा इथला पहिला हिवाळा कसा गेला? शांत चेहऱ्याची माणसं कुणी विचारल्याशिवाय हे सांगत नाहीत. माझ्या सासूबाई झाशीहून आलेल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “पहिला महिना मी ओट्याशी उभी राहून रडले. कांदा चिरतेय असं दाखवायचे. आमच्याकडे तेव्हा कांदा चालत नव्हता, तरी कुणी विचारलं नाही.”

(डोळे मिटल्यावर उजेड दिसायलाच हवा असेल, तर समईच्या ज्योतीकडे क्षणभर टक लावून बघ आणि डोळे मिट. निळसर ठिपका तरंगताना दिसेल. ती डोळ्याच्या पडद्याची करामत आहे, आत्मसाक्षात्काराशी तिचा संबंध नाही. अर्धशिशीचा किंवा डोळ्यांचा त्रास असेल तर तेही करू नकोस.)

ग्वाल्हेरात राहतेस आणि मी गाण्याबद्दल एक अक्षर न लिहिता पत्र संपवलं, तर इथले वाडवडील मला माफ करणार नाहीत. ख्यालगायक हद्दू खाँ-हस्सू खाँचं, ग्वाल्हेर गायकीचं हे गाव. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तुझ्यासारखेच दक्षिणेकडून आले, वासुदेवबुवा जोश्यांकडे शिकले आणि ही गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले. त्यांनाही इथला पौष चुकला नसणार. आमच्या वाड्यात तळमजल्यावर एक गाण्याचे मास्तर राहत. हिवाळ्यात पहाटे ते खर्ज लावत, म्हणजे खालच्या सप्तकातला सा, एका श्वासात जेवढा टिकेल तेवढा. पहिली दहा मिनिटं नुसती खरखर आणि खोकला. मग कधीतरी त्या खरखरीच्या तळातून सूर वर यायचा आणि वाडाभर पसरायचा. मी दगडी भिंतीला कान लावून झोपायचे. सूर ऐकू येण्याआधी भिंतीत लागायचा, निदान मला तसं वाटायचं. दोन वर्षं मीही त्यांच्याकडे गेले. शेवटी त्यांनीच हात जोडले.

गाणं येत नसलं तरी हे करता येतं. गच्चीवरून खाली आलीस की दार लाव, भिंतीला पाठ टेकून बस, तोंड मिट आणि अगदी खालच्या पट्टीत ‘म्’ काढ. चांगला व्हायला हवा असं नाही. श्वास संपेपर्यंत धर, थांब, पुन्हा. श्वास सोडणं लांबलं की नाडी मंदावते, यात गूढ काही नाही. आठ-दहा वेळा झालं की छातीत आवाज कुठे लागतो ते सापडतं, आणि आवाज बंद झाल्यावर जे उरतं त्यालाच मी शांतता म्हणते. ती पाच सेकंद टिकते. मग खालून भाजीवाला ओरडतो. पुढच्या डिसेंबरात तानसेन समारोहाला, इथल्या संगीत महोत्सवाला, सकाळच्या सभेला जा. हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी असतो, तिकीट नसतं. 1924 पासून चालू आहे आणि सुरुवात ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मिलादने, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीने, होते. शाल पांघरून कोहऱ्यात बसलेली शेकडो माणसं एका सुराकडे कान लावून बसलेली दिसतील. त्या दिवशी आपण एकटे थिजलोय असं वाटत नाही.

एक गोष्ट मात्र पुढे ढकलू नकोस. डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 आणि ड जीवनसत्त्व तपासून घे. थायरॉइड मंदावलं तरी हुबेहूब हेच होतं: थंडी सोसत नाही, झोप संपत नाही, मन बसतं. आणि गच्ची-वाती सगळं करूनही दोन आठवडे असंच राहिलं, कशातच गोडी उरली नाही, किंवा जे आज मनात येत नाही असं तू लिहिलंस ते यायला लागलं, तर कुणाच्याही सल्ल्याची वाट न पाहता 14416 ला फोन लाव. टेली मानस, सरकारी सेवा, फुकट, चोवीस तास. घरी सांगायला जड जात असेल तर आधी तिथे बोल. माझ्या पत्राची वाट बघत बसू नकोस, आमचं सदर आठवड्यातून एकदाच असतं.

आणि एक खबर, तुला ठाऊक नसेल म्हणून. सकाळ अजून मागे सरकतेय खरी, पण संध्याकाळ कधीचीच वळलीय. डिसेंबरच्या सुरुवातीला इथे सूर्य साडेपाचच्याही आधी मावळत होता. संक्रांतीला तो पावणेसहाच्या आसपास मावळेल. कोहऱ्यात कुणाच्या लक्षात येत नाही, पण चांगली पंधरा-वीस मिनिटं आपल्या पदरात पडलीत. लॅपटॉप मिटून तेवढा वेळ महाराज बाड्यावर एक चक्कर मारून ये.

रथसप्तमीला आमच्याकडे गच्चीवर गोवरीच्या विस्तवावर बोळक्यात दूध ठेवतात, उतू जाईपर्यंत. ते आटोपलं की मला पत्र लिही. झोप किती तासांवर आली ते लिही, शांतता मिळाली की नाही ते नको. सासूबाईंनी पहिल्या हिवाळ्याचं काय सांगितलं ते मात्र सगळं लिही. आणि गजक पाठवच, सदराच्या पत्त्यावर. पण खस्ता बघून घे. कडक आता माझ्या दातांना झेपत नाही.